सागरातील सहजीवन, संसार वगळून

वीर

"बुवा, कीर्तन कुठं हाय?"

वीर स्टेशनाच्या बाहेर पाऊल टाकतो न टाकतो तोच एका रिक्षावाल्याने मला हे विचारलं. त्याचा दोष नव्हता. दिव्याहून सुटणाऱ्या पॅसेंजरमधून पांढरा सदरा घातलेला, दाढी वाढलेला एक म्हातारा उतरतो, त्याच्या हातात कडीची काळी चौकोनी पेटी असते, तिच्या वजनाने तो एका अंगाला कलत चालतो. अशी पेटी बाजाचीच असणार. मी त्याला सांगितलं की कीर्तन नाही, ही बाजाची पेटी नाही, हिच्यात प्रोजेक्टर आहे.

"म्हंजे पिक्चर."

"पिक्चर नाही. स्लाइड. भिंतीवर चित्रं दाखवायची."

"कसली?"

"समुद्रातल्या प्राण्यांची."

त्याने पेटी मागच्या सीटवर ठेवली, रिक्षाला किक मारली आणि म्हणाला, "समुद्र त्या अंगाला ऱ्हायला, बुवा. तुम्ही उलटं चाललाय."

खरं होतं. मी महाडला चाललो होतो, आणि महाडला समुद्र नाही. दासगावापाशी रस्त्याच्या कडेला सावित्रीची खाडी दिसते, ओहोटीला तिचा चिखल उघडा पडतो, त्यावर बगळे उभे असतात, आणि तेवढ्यावर समुद्र संपतो. पुढे कापलेली भातशेतं, त्यात मधून मधून वालाचे हिरवे तुकडे, आणि त्यांच्यामागे डोंगर. समुद्रातले प्राणी घेऊन इथे यायचं काही कारण नव्हतं, एक सोडून. माझी बायको हेमा महाडची होती.

ती ठाण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. शाळेत असताना तिची सहल हरिहरेश्वरला गेली होती. तिथे ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकाच्या खळग्यात तिने एक फूल बघितलं, त्याला बोट लावलं, आणि फुलाने तिच्या तोंडावर पाणी उडवून स्वतःला मिटून घेतलं. ते फूल नव्हतं, प्राणी होता, हे तिला पुढे कळलं. त्या समुद्रफुलापायी ती आयुष्यभर प्राणिशास्त्रात राहिली. शिकवलं मात्र सगळं इंग्रजीतून. महाडच्या वाचनालयात एकदा मराठीतून या विषयावर बोलायचं, हे तिने निवृत्तीनंतर ठरवलं. भाषण लिहून काढलं, स्लाइड निवडल्या, विषयाचं नाव ठेवलं ‘सागरातील सहजीवन’. मग ती आजारी पडली, आणि श्रावणात गेली.

जाण्याआधी तिने मला सांगितलं होतं, "तू वाचून दाखव. जसं लिहिलंय तसं. आणि कुणाला ते संसारावर नेऊ देऊ नकोस."

हे का सांगितलं ते मला ठाऊक होतं. समुद्रफूल आणि त्याच्या विळख्यात राहणारा मासा ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली की ऐकणारा हटकून म्हणायचा, "अगदी नवरा-बायकोसारखं की." आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला एका मित्राने विचारलं होतं, तुमच्यात मासा कोण आणि फूल कोण. हेमा ताडकन म्हणाली, "त्यांना त्यांचं जगू द्या ना. सगळं आपल्यावर कशाला ओढून घेता?"

मी मराठीचा शिक्षक होतो. प्राणिशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण जसं लिहिलंय तसं वाचणं हे मला आयुष्यभर जमलेलं एकच काम आहे. तेवढं करायचं आणि परत यायचं, असा माझा साधा बेत होता.

महाड

हेमाचा भाऊ अरविंद कोर्टातून निवृत्त झालेला आहे आणि वाचनालयाचा कार्यवाह आहे. त्याने रिक्षातून पेटी उतरवून घेतली, माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलला नाही. मला बरं वाटलं. मग शेजारचे दोघे आले, समोरचे आले, आणि सगळे मिळून खूप बोलले. ठाण्याला आमच्या इमारतीत लोक जिन्यात भेटले की मान हलवतात आणि वर जातात. महाडला येऊन बसतात. बसले की विचारतात. शेवटी काय खाल्लं, शुद्ध होती का, कोणाचं नाव घेतलं. मी सगळ्यांना तीच उत्तरं देत होतो आणि प्रत्येक वेळी ती अधिकच खोटी वाटत होती.

स्वयंपाकघरातून मसाला भाजल्याचा वास येत होता. सुटका म्हणून मी तिकडे जाऊन बसलो. वहिनी, म्हणजे अरविंदची बायको, कढईत दगडफूल परतत होती.

"हे परतताना हेमाताई आठवतात बघा," ती म्हणाली. "इथेच बसून सांगायच्या, वहिनी, हा एक जीव नाही, दोन आहेत. बुरशी आणि शेवाळ. एकमेकांच्या आधाराने दगडावर राहतात. तेव्हापासून मला मसाला करताना जोडपं भाजल्यासारखं वाटतं."

घ्या. घरातूनच सुरुवात.

जेवायला तांदळाची भाकरी होती, वालाचं बिरडं होतं, खाडीचे मासे होते. गोड नव्हतं. "वर्ष व्हायचंय ना अजून," वहिनी म्हणाली आणि मग स्वतःच अडखळली, कारण मागच्या शेजारणीने माझ्यासाठी म्हणून खरवस पाठवला होता. खरवस गोडात धरायचा की दुधात, यावर नवरा-बायकोत चर्चा झाली. ती संपेपर्यंत मी खरवस खाऊन टाकला.

संध्याकाळी आम्ही वाचनालयाकडे निघालो. दारात काळा फळा उभा केला होता. त्यावर रंगीत खडूंनी, चारी कोपऱ्यांत वेलबुट्टी काढून लिहिलं होतं: ‘संसारसागरातील सहजीवन. एक अनुभवकथन.’ खाली माझं नाव. त्याखाली: ‘याप्रसंगी ज्येष्ठ दांपत्यांचा सत्कार करण्यात येईल.’

मी पेटी खाली ठेवली.

"अरविंद, हे काय आहे?"

"काय?"

"सागरातील सहजीवन असं सांगितलं होतं मी. फोनवर. दोनदा."

"हो ना. पण लाइन खराब होती. मला वाटलं, पुढचं ‘संसार’ कापलं गेलं असेल."

"कापलं गेलं नव्हतं. नव्हतंच ते."

"अहो भावोजी, नुसत्या सागरात कुणाचं सहजीवन असतं?"

"माशांचं! खेकड्यांचं!"

अरविंदने फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, "मग आता पुसू का?" तोवर पहिली जोडपी आत येऊन बसायला लागली होती. बायकांच्या अंगावर ठेवणीतल्या साड्या होत्या. काही पुरुषांनी टोप्या घातल्या होत्या. पुसायला कुणाचा हात झाला असता?

सभा

मराठीचा मास्तर म्हणून या शब्दाबद्दल मला थोडं बोललं पाहिजे. सहजीवन हा शब्द शास्त्राच्या पुस्तकातही आहे आणि लग्नाच्या पत्रिकेतही. पुस्तकात त्याचा अर्थ दोन वेगळ्या जातींचे जीव एकमेकांच्या संगतीने जगतात असा आहे. पत्रिकेत काय अर्थ आहे ते लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं, छान दिसतो म्हणून घालतात. शब्द एकच असल्यामुळे त्या संध्याकाळी माझी जी दशा झाली तिला कोणीच जबाबदार नव्हतं, आणि म्हणून ओरडायलाही कोणी नव्हतं.

व्यासपीठामागच्या खोलीत मंडळी वेगळ्याच पेचात होती. वक्त्याला शाल-श्रीफळ द्यायची पद्धत. पण वक्त्याच्या घरी वर्षाच्या आतलं दुःख.

"शाल चालते," एक जण म्हणाले. "शाल म्हणजे पांघरूण. श्रीफळ हे मंगल."

"मग नारळ साधा म्हणून द्या. श्रीफळ म्हणू नका."

"हातात दिल्यावर नारळ काय आणि श्रीफळ काय?"

"भावोजींनाच विचारू या."

मी म्हटलं, मला काहीच नको, मला भिंत मोकळी हवी आहे आणि खोलीत अंधार हवा आहे. हे ऐकून एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. अंधार मला रडू लपवायला हवा आहे असं त्यांना वाटलं, हे मागाहून माझ्या लक्षात आलं.

सभेची सुरुवात हेमाला श्रद्धांजली वाहून झाली. सगळे उभे राहून गप्प राहिले. हेमाला गप्प बसणं कधी जमलं नाही, तिच्यासाठी इतकी माणसं गप्प उभी आहेत याची मला मनातून चीड येत होती. मग जोडप्यांचे सत्कार झाले. मग अध्यक्ष उठले. ते निवृत्त मामलेदार होते, आवाज खणखणीत होता. ते म्हणाले की संसार हा सागर आहे, पती हा नाविक आहे, पत्नी हे शीड आहे. मग म्हणाले पत्नी ही नौका आहे. पुढे वल्हं, सुकाणू, दीपस्तंभ असं सगळं सामान येऊन गेलं. नवरा आणि बायको यांत कोण काय आहे हे त्यांच्या बोलण्यात इतक्यांदा बदललं की पहिल्या रांगेतल्या एका आजींनी शेजारच्या आजोबांना विचारलं, "आता मी काय?"

"शीड," आजोबा म्हणाले. "गप बस."

माझी पाळी आली तेव्हा मी हेमाचे कागद काढले आणि वाचायला लागलो. "समुद्रफूल हे फूल नाही. तो एका जागी चिकटून राहणारा, पण विषारी नांग्यांनी शिकार करणारा प्राणी आहे." सभागृहात चुळबूळ झाली. मी पहिली स्लाइड लावली. भिंतीवर समुद्रफूल आणि त्यातला नारिंगी-पांढरा विदूषक मासा उमटला, कोणीतरी "आहा" म्हणालं, आणि दिवे गेले.

महाडला दिवे जातात तेव्हा कोणी आश्चर्य करत नाही. मेणबत्त्या आल्या. मेणबत्तीच्या उजेडात मी दुसरं पान वाचून पुरं केलं. तेवढ्यात अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे प्राण्यांचं रूपक फार सुंदर आहे. आता आपले स्वतःचे अनुभव सांगा. लोकांना तेच हवं आहे."

"हे रूपक नाही," मी म्हणालो.

"तेच तर," ते म्हणाले, माझ्या हातातले कागद त्यांनी अलगद घडी करून मला परत दिले, आणि सभेला सांगितलं की वक्त्यांचा कंठ दाटून आला आहे. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला शाल मिळाली. नारळ टेबलावर ठेवण्यात आला. मी स्वतःहून उचलला तर माझा, नाही तर वाचनालयाचा, असा तोडगा निघाला होता. मी उचलला नाही.

घरी परतताना मी अरविंदला बोलायचं तेवढं बोललो. तो पेटी घेऊन माझ्या पुढे चालत होता. मध्येच थांबला.

"नुसतं सागरातील लिहिलं असतं ना भावोजी, तर मत्स्यखात्याची दोन माणसं आली असती. माझ्या बहिणीच्या नावाने हॉल रिकामा पडलेला मला बघवला नसता."

राग अर्धवट सोडून द्यावा लागणं यासारखा ताप नाही. तो रात्रभर अंगात राहतो.

पोलादपूर

सकाळी चहा देताना वहिनी म्हणाली, "उमरठला चला माझ्याबरोबर. माझं माहेर आहे. शाळेत दुपारी महिला मंडळ भरतं. तिथे अध्यक्ष नाही कुणी."

मी म्हटलं, विषयाचं नाव काय सांगणार?

"नाव कशाला? चित्रं दाखवणार म्हणून सांगते. येतील."

म्हणजे अजून एक संधी होती. ही वाया गेली तर हेमाचं भाषण माझ्या पेटीतून ठाण्याला परत जाणार आणि कपाटावर चढणार, हे मला दिसत होतं. तिने माझ्यावर टाकलेलं एवढंच काम होतं.

एसटीच्या कंडक्टरने पेटी बघून लगेजचा प्रश्न काढला. वहिनीने तो मिटवला, पण मिटवताना मी बुवा असल्याचं मान्य करून टाकलं. कीर्तनकारांच्या पेटीला कंडक्टर लोक जागा देतात म्हणे. त्यामुळे महाड ते पोलादपूर एका पाटीवाल्या बाईने मला संततीबद्दल सल्ला विचारला. मी म्हटलं डॉक्टरकडे जा. "बुवा सरळ बोलतात," ती वहिनीला म्हणाली.

पोलादपूरच्या स्टँडवर घाट चढणाऱ्या आणि घाट उतरून आलेल्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. उतरून आलेल्यांच्या हातात स्ट्रॉबेरीची खोकी आणि चेहऱ्यावर घाट लागल्याची कळा. चढणारे भजी खात असतात. त्यांची आणि यांची नजरानजर होऊ नये असं वाटतं. आम्ही चहा घेतला आणि उमरठच्या जीपमध्ये बसलो. जीपमध्ये माणसं किती होती ते मला माहीत नाही, कारण माझ्या मांडीवर पेटी, पेटीवर कोणाचं तरी कोंबड्याचं खुराडं, आणि त्यापलीकडे काही दिसत नव्हतं. रस्ता नदीच्या कडेने डोंगरात शिरतो. एरवी बघण्यासारखा असावा. एका खड्ड्यात जीप आदळली आणि पेटीतून खडखडाट झाला.

"बुवा, सूर गेला," मागून कोणीतरी म्हणालं.

सूर नव्हता गेला. स्लाइडचा ट्रे निसटून सगळ्या स्लाइड पेटीत विखुरल्या होत्या. हेमाने लावलेला क्रम गेला होता.

उमरठ

शाळेचा एक वर्ग मोकळा केला होता. खिडक्यांवर घोंगड्या लावल्या. भिंत चुन्याची होती, पांढरी, पण फळ्याच्या शेजारी तिच्यावर पाढे रंगवलेले होते, त्यामुळे पुढे सगळे मासे बे एके बे वरून पोहत गेले. मी कोपऱ्यात बसून हेमाच्या कागदाशी ताडून स्लाइड पुन्हा ट्रेमध्ये लावल्या. क्रम बरोबर लागला. बायका आल्या, चटईवर बसल्या. शेतावरून आलेल्या होत्या, काहींच्या हातात वालाच्या शेंगा होत्या, त्या सोलत सोलत ऐकणार होत्या. वहिनीने माझी ओळख करून दिली, "हे आमच्या हेमाताईंचे यजमान. ताई गेल्या हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी लिहिलंय ते हे वाचणार."

बस. एवढंच. मी तिच्या पाया पडलो असतो.

बल्ब लागला. व्होल्टेज कमी होतं, चित्र पिवळट आलं, पण आलं. पहिलं समुद्रफूल भिंतीवर उमटलं ते वरून खाली लोंबकळत होतं.

"गो, हे झुंबर हाय का?"

"वटवाघूळ हाय."

मी स्लाइड उलट्या लावल्या होत्या. सगळ्याच. एकेक काढून सरळ करेपर्यंत बायका हसत होत्या. तो वैताग खरं तर वैताग नव्हता. गेल्या कित्येक महिन्यांत माझ्यासमोर कोणी मोकळेपणाने हसलं नव्हतं.

मग मी वाचलं. समुद्रफुलाच्या नांग्यांना लागलेला दुसरा मासा मरतो, पण विदूषक मासा मरत नाही, कारण त्याच्या अंगावर एक बुळबुळीत थर असतो. तो नांग्यांत लपतो, त्याच्या शत्रूंना तिथे येता येत नाही. त्याच्या बदल्यात तो फुलाला कुरतडायला येणाऱ्या माशांना हाकलतो. फुलाबाहेर पडला तर फार काळ टिकत नाही, कोणीतरी गिळतं.

"घरजावई हाय तर," एक जण म्हणाली.

वर्ग हसला. मी थांबलो. संसार आलाच होता शेवटी. पण हेमाने पुढचं वाक्यच त्यासाठी लिहून ठेवलं होतं, ते मी वाचलं: "हे प्रेम नाही, ही सोय आहे. आणि सोय हा हलका शब्द नाही." शेंगा सोलल्याचा आवाज तेवढा चालू होता.

पुढे खेकडा आला. रिकाम्या शंखात राहणारा, पाठीवर समुद्रफूल घेऊन फिरणारा. फुलाच्या नांग्यांमुळे त्याला कोणी हात लावत नाही, आणि त्याच्या खाण्यातले तुकडे फुलाला मिळतात. अंगाने वाढला की शंख लहान पडतो, मग तो मोठा शंख शोधतो. पण फूल जुन्या शंखावर टाकून जात नाही. नांगीने हळूहळू थोपटून त्याला सुटं करतो आणि नव्या शंखावर आणून बसवतो. ही स्लाइड हेमाची आवडती होती. ती मी जरा जास्त वेळ ठेवली.

शेवटचं पान संपलं. घोंगड्या काढल्या, उजेड आला. मी विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का. कॉलेजात हेमा नेहमी विचारायची म्हणून.

मागच्या भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. वहिनीची चुलती, सगुणाकाकी. तिने सोललेले वाल पदरातून सुपात ओतले आणि म्हणाली, "मासा फुलाबिगर जगत नाय, त्याचं सांगितलं तुम्ही. पण मासा गेला तर मंग फुलाचं काय हुतं?"

सगळ्यांच्या हातातल्या शेंगा थांबल्या. समोरची एक जण माझ्याकडे बघून चटकन खाली बघायला लागली, दुसरीने पदर डोळ्यांना लावला. वहिनी पुढे झुकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "काकी, असं काय विचारतेस गो? कळत नाय का तुला?"

मी तोंड उघडलं. काहीही झालं तरी चालेल पण संसार नको, असं म्हणून इथवर आलो होतो, आणि आता तो माझ्याच तोंडून बाहेर पडणार होता.

सगुणाकाकीने सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. तिचा चेहरा आक्रसला.

"काय झाला रडायला?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मी फुलाचं इचारते, बाबा. तुमचं नाय इचारीत. तुमचं मला दिसतंय."

कोणी हसलं नाही, आणि मग मीच हसलो. मला आवरेना. या सगळ्या प्रवासात, आणि त्याच्या आधीच्या सगळ्या महिन्यांत, फुलाबद्दल विचारणारं हे पहिलं माणूस होतं.

मी हातातली पानं पुन्हा चाळली. त्यात ते नव्हतं. "मला माहीत नाही," मी म्हटलं. "हिने लिहिलेलं नाही."

"मंग अर्धंच सांगितलं की."

"अर्धंच सांगितलं."

"इचारून कळवा," काकी म्हणाली आणि सूप उचललं. "शाळेत टपाल येतं. बाई वाचून दाखवतील."

परत आल्यावर

हेमाच्या कॉलेजात मी ती गेल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं. गेलो तर लोक उभे राहतील, खुर्ची देतील, पाणी आणतील, हे माहीत होतं. तसंच झालं. तिच्या विभागातल्या एका सहकारी बाईंनी खुर्ची दिली, पाणी आणलं आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "कसे आहात?"

मी म्हटलं, "मासा गेला तर समुद्रफुलाचं काय होतं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात काय आलं ते मला स्पष्ट दिसलं, आणि मी घाईघाईने सांगितलं, "फुलाचं विचारतोय. उमरठच्या एक बाई विचारत होत्या." मग त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला, कपाटातून जाडजूड पुस्तकं काढली आणि आम्ही दुपारभर ती उलटीपालटी केली. फार काळाने मी कोणाबरोबर तरी काही वाचत बसलो होतो.

पोस्टकार्ड लिहायला मात्र खूप वेळ लागला. पहिल्यांदा लिहिलं ते फाडलं, त्यात नको तिथे नको ते विशेषण आलं होतं. शेवटी लिहिलं ते असं:

‘सौ. वहिनींच्या काकी सगुणाबाई यांस नमस्कार. मासा गेला तर फूल लगेच मरत नाही. कुरतडणारे मासे येतात, तेव्हा ते अंग आवळून लहान होतं. काही ठिकाणी जगत नाही. काही ठिकाणी तसंच जगतं, कधी कधी दुसरे मासे येऊन राहतात. सगळीकडे सारखं नाही. पुस्तकात एवढंच आहे.’

उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. पण परवा आलं. अक्षर शाळेतल्या बाईंचं होतं, मजकूर काकीचा.

‘फुलाचं कळलं. बरं. पण तो खेकडा मेला तर पाठीवरचं फूल कुठं जातं, हे पण लिहिलेलं नाय. ते इचारून कळवा. वाल पाठवलेत, अरविंद आणून देईल. शेवटचं चित्र आणखी एकदा बघायचं हाय, या खेपेला सरळ लावून आणा.’

आता हे पुस्तकात कुठे सापडायचं कोण जाणे. उद्या पुन्हा कॉलेजात जाऊन कपाट उघडायला लावायला हवं. ताप आहे नुसता.